पाठ निरीक्षण आणि शिक्षकांना मार्गदर्शन: पर्यवेक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्यानं पर्यवेक्षक झालेले शिक्षक, मुख्याध्यापक, विषयप्रमुख आणि कधी कधी ज्यांच्या वर्गात निरीक्षण होतं ते शिक्षकही हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. सोपे प्रश्न आधी आणि अडचणीचे नंतर घेतले आहेत. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. पर्यवेक्षकाचं काम म्हणजे तपासणीच ना? त्यात मार्गदर्शन कुठून आलं?

तपासणी आहेच. हजेरीपट, टाचणवही, अभ्यासक्रम कुठवर आला, हे कोणीतरी पाहायलाच हवं. पण टाचणवहीवर सही झाली म्हणून एकाही मुलाला गणित जास्त समजत नाही. शिकवणं सुधारतं ते वर्गात बसून, जे दिसलं ते शिक्षकासमोर ठेवून आणि त्यावर दोघांनी विचार करून.

या पद्धतीला आता बराच काळ लोटला आहे. १९५० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठात मॉरिस कोगन आणि त्यांचे सहकारी भावी शिक्षकांना तयार करत होते. पाठ संपल्यावर चार सूचना देऊन मोकळं होण्यानं फारसं काही साधत नाही, हे लक्षात आल्यावर त्यांनी एक चक्र बसवलं. रॉबर्ट गोल्डहॅमर यांनी १९६९ मध्ये त्याचे पाच टप्पे मांडले: पाठाआधी बोलणं, पाठ पाहणं, नोंदींवर विचार करणं, शिक्षकाशी चर्चा आणि शेवटी पर्यवेक्षकानं स्वतःच्या कामाची तपासणी. आपल्याकडून पाचवा टप्पा सर्रास राहून जातो. त्याबद्दल प्रश्न १७ मध्ये लिहिलं आहे.

२. वर्गात बसल्यावर नेमकं बघायचं काय?

मुलांकडे. शिक्षक काय करतात ते कानावर पडतंच. मुलं काय करतात ते मात्र मुद्दाम पाहावं लागतं.

शेवटच्या बाकावर बसलात तर दिसतात फक्त पाठी. बाजूच्या भिंतीलगत, चेहरे आणि वह्या दोन्ही दिसतील अशी जागा घ्या. तीन मुलं मनाशी ठरवून ठेवा: सतत हात वर करणारं एक, मधलं एक आणि तोंड न उघडणारं एक. तासभर या तिघांवर लक्ष ठेवा.

एकदा मी अपूर्णांकांच्या बेरजेच्या तासाला बसले होते. बाईंनी फळ्यावर तीन गणितं नीट सोडवून दाखवली. अक्षर सुंदर, पायऱ्या बरोबर. "समजलं?" वर्ग एका सुरात म्हणाला, "हो!" माझ्या शेजारच्या मुलीनं फळ्यावरचं सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. मग चौथं गणित स्वतः करायला दिलं आणि तिनं लिहिलं: १/२ + १/३ = २/५. मी आजूबाजूच्या आणखी पाच वह्या पाहिल्या. सहापैकी चार वह्यांत हेच. फळ्यापाशी उभं राहून ते दिसणं शक्यच नव्हतं. मला मात्र बसल्या जागेवरून दिसत होतं, आणि त्या दिवशी बाईंना देण्यासारखं माझ्याकडे एवढंच होतं. ती चर्चा पुढे कशी झाली ते प्रश्न ६ मध्ये आहे.

३. नोंदी कशा लिहायच्या? मी लिहिते त्यात बहुतेक शेरेच असतात.

पानाचे दोन रकाने करा. डावीकडे वेळ आणि जे दिसलं, ऐकू आलं ते. उजवा रकाना तास संपेपर्यंत कोरा ठेवायचा.

"वर्गात उत्साह नव्हता" हा शेरा झाला. नोंद अशी असते:

११.०४ – प्रश्न: "बाष्पीभवन म्हणजे काय?" लगेच उत्तर, पहिला बाक.
११.०६ – प्रश्न: "कपडे वाळतात तेव्हा पाणी कुठे जातं?" दोघांचे हात वर. सरांनी स्वतःच उत्तर सांगितलं.
११.०९ – खिडकीकडची रांग वहीत तारीख लिहिते आहे.

ही नोंद वाचून शिक्षकाला राग येत नाही, कारण तिच्यात निकाल दिलेला नाही. उलट "अरे, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मीच देऊन टाकलं की" हे ते स्वतःच म्हणतात.

वर्गातलं बोलणं मोजायची एक जुनी रीत नेड फ्लँडर्स यांनी १९६० च्या दशकात रूढ केली. दर तीन सेकंदांनी काय चाललं आहे याचा एक आकडा लिहायचा. प्रकार दहा: सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन मुलांच्या बोलण्याचे आणि एक शांतता किंवा गोंधळ यांचा. त्यातून निघालेला ठोकताळा असा की तासाचा सुमारे दोन तृतीयांश वेळ कोणीतरी बोलत असतं आणि त्यातलं दोन तृतीयांश बोलणं शिक्षकाचं असतं. रोजच्या निरीक्षणाला इतकं बारीक मोजायची गरज नाही. बाकांचा नकाशा काढा आणि जो बोलला त्याच्या चौकोनात एक रेघ मारा. तासाच्या शेवटी तो कागद शिक्षकाच्या हातात दिला की काम झालं.

४. आम्हाला गुणांकनाचा ठरावीक तक्ता भरावा लागतो. वर्गात बसूनच भरावा का?

नको. वर्गात तक्ता उघडला की नजर त्याच्या रकान्यांच्या मागे धावते आणि मूल बाजूला राहतं. वर्गात नोंदी घ्या आणि तक्ता नंतर त्यांच्या आधारे भरा. शक्य असेल तर तो शिक्षकाला चर्चेनंतर दाखवा.

यामागे एक कारण आहे. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये मुलांवर केलेल्या प्रयोगात ज्यांना फक्त लेखी अभिप्राय मिळाला त्यांचं काम सुधारलं. अभिप्रायाबरोबर गुणही मिळाले त्यांना अभिप्रायाचा फायदा झाला नाही. प्रयोग मुलांवरचा असला तरी मोठ्या माणसांच्या बाबतीतही मी हेच पाहत आले आहे. १० पैकी ६ हा आकडा दिसला की पुढची अर्धी चर्चा ७ का नाही यावरच होते.

५. आधी सांगून जावं की अचानक? आणि किती वेळा?

मार्गदर्शनासाठी जाणार असाल तर सांगून जा. आदल्या दिवशी पाच मिनिटं पुरतात. मी तीन गोष्टी विचारते: तासाच्या शेवटी मुलांना काय करता यायला हवं? मुलं कुठे अडतील असं वाटतं? मी कशाकडे खास लक्ष द्यावं? तिसऱ्या प्रश्नानं सगळा सूरच बदलतो. "मागच्या दोन बाकांवर काय चालतं ते मला कधीच कळत नाही, तेवढं बघा," असं एक सर म्हणाले, तेव्हापासून आमच्या बोलण्यातला अवघडलेपणा गेला.

किती वेळा, याचं उत्तर एवढंच की वर्षातून एकदा पूर्ण तास बसण्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटांच्या चार-पाच भेटी जास्त उपयोगी पडतात. एका तासावरून शिक्षकाबद्दल मत बनवणं धोक्याचं आहे.

६. निरीक्षणानंतरची चर्चा कशी करावी?

त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. शिक्षक खोलीत सगळ्यांसमोर नको आणि जिन्यात चालता चालता तर नकोच. टेबलाच्या दोन बाजूंना न बसता शेजारी बसा, मध्ये नोंदींचा कागद ठेवा.

सुरुवात "कसा झाला तास?" या प्रश्नानं करू नका. त्यावर "ठीक झाला" याखेरीज काही मिळत नाही. नोंदीतली एकच गोष्ट पुढे ठेवा आणि गप्प बसा.

अपूर्णांकांच्या त्या तासानंतर आमचं बोलणं साधारण असं झालं:

"बाई, चौथं गणित मुलांनी स्वतः केलं, तेव्हा सहा वह्या पाहिल्या मी. चार वह्यांत हे होतं." मी कागदावर १/२ + १/३ = २/५ लिहिलेलं दाखवलं.

"छेदसुद्धा मिळवले! अहो, मी तीनदा करून दाखवलं."

"हो, तिन्ही वेळा नीट दाखवलंत. मुलांच्या डोक्यात काय चाललं असेल?"

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वरचे वर, खालचे खाली. त्यांना या दोन वेगळ्या बेरजा वाटतायत." आणि थोड्या वेळानं: "पण हे तर अर्ध्यापेक्षा कमी झालं! अर्ध्यात आणखी काहीतरी घातलं आणि उत्तर कमी आलं? हेच विचारायला हवं मुलांना."

हे मला वर्गातच सुचलं होतं. चर्चेच्या पहिल्या मिनिटाला सांगून टाकलं असतं तर ती माझी सूचना झाली असती आणि वहीत बंद पडली असती. दुसऱ्या दिवशी बाईंनी कागदाची पट्टी अर्धी दुमडून रंगवली, तिला तिसरा हिस्सा जोडला आणि "आता हे अर्ध्याहून जास्त की कमी?" असं विचारून तास सुरू केला. त्या मला न विचारता हे करत होत्या, याचा मला फार आनंद झाला.

चर्चा संपवताना दोन गोष्टी कागदावर याव्यात: पुढच्या आठवड्यात नेमकं काय करून पाहायचं आणि मी ते पाहायला कधी येणार.

७. एका वेळी किती सुधारणा सांगाव्यात?

एक. बाकीच्या तुमच्या वहीत राहू द्या. महिन्याभरानं त्यांतल्या निम्म्या निरर्थक वाटतील.

८. आधी कौतुक, मध्ये चूक आणि शेवटी पुन्हा कौतुक, असं करावं असं शिकवलं जातं. ते बरोबर आहे का?

मला ते पटत नाही. दोन-तीन वेळा असं केलं की शिक्षक कौतुक ऐकता ऐकताच "पण" कधी येतोय याची वाट पाहू लागतात आणि खरं कौतुकही वाया जातं.

अभिप्राय दिला म्हणजे सुधारणा होतेच असंही नाही. क्लूगर आणि डिनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. सरासरीनं फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायानंतर काम उलट खालावलं होतं. अभिप्रायानं माणसाचं लक्ष कामावरून उडून "मी कसा आहे" याकडे गेलं की त्याचा परिणाम घटतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून "तुम्ही फार छान शिकवता" आणि "तुमचा वर्गावर ताबा नाही" ही दोन्ही वाक्यं सारखीच निरुपयोगी. "त्या मुलाचं उत्तर चुकलं तेव्हा तुम्ही 'कसं काढलंस?' विचारलंत आणि त्यानं स्वतःच दुरुस्त केलं" हे कौतुकही आहे आणि उद्या पुन्हा काय करायचं याची माहितीही आहे.

९. कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. सगळ्या विषयांना लागू पडेल अशी एकच गोष्ट सुचवायची असेल तर?

प्रश्न विचारल्यावर थांबणं.

मेरी बड रो यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत विज्ञानाच्या वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून मोजलं, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदसुद्धा थांबत नव्हते असं दिसलं. हा थांबा तीन सेकंदांपर्यंत नेला की मुलांची उत्तरं लांब होतात, कारणं देऊ लागतात, गप्प राहणारी मुलं बोलू लागतात आणि "माहीत नाही" कमी होतं. थांबे दोन आहेत: एक प्रश्नानंतरचा, दुसरा मुलाच्या उत्तरानंतरचा. दुसरा जास्त कठीण असतो. मूल बोलून थांबलं की आपण लगेच "बरोबर" म्हणतो, आणि ते पुढे जे सांगणार होतं ते तिथेच राहतं.

यासाठी साहित्य लागत नाही आणि पर्यवेक्षकाला ते घड्याळावर मोजताही येतं. मात्र "पाच सत्ते?" अशा पाठांतराच्या प्रश्नाला थांबण्यात अर्थ नाही, विचार करायला लावणाऱ्या प्रश्नालाच थांबा हवा.

१०. मी भाषेची शिक्षिका. रसायनशास्त्राच्या तासाला बसून मी काय सांगणार?

आशयाबद्दल काही सांगू नका. पण ज्याला विषय येत नाही त्याला एक गोष्ट नक्की दिसते: आपण स्वतः कुठे हरवलो. ती वेळ लिहून ठेवा आणि "अकरा वाजून वीस मिनिटांनी माझा धागा सुटला, मुलांचाही सुटला असेल का?" असं विचारा. आशयात काही खटकलं तर त्या विषयाच्या जाणत्या सहकाऱ्याला पुढच्या भेटीला बरोबर न्या.

११. नव्या शिक्षकांशी बोलणं सोपं जातं. पण वीस वर्षं शिकवलेल्या सरांना मी काय सांगू? ते माझ्याहून वयानंही मोठे आहेत.

दोघांशी सारखं बोलू नये, हेच खरं. कार्ल ग्लिकमन यांनी पर्यवेक्षकाच्या बोलण्याचे तीन ढंग सांगितले आहेत: स्पष्ट दिशा देणं, बरोबरीनं ठरवणं आणि फक्त ऐकून त्यांना स्वतः ठरवू देणं. पहिल्या वर्षाच्या शिक्षकाला "तुम्हाला काय वाटतं?" एवढंच विचारत राहिलात तर तो बिचारा आणखी गोंधळतो. त्याला सांगा, करून दाखवा, टाचण सोबत बसून लिहा.

ज्येष्ठांच्या वर्गात मी शिकायला जाते आणि तसं सांगतेही, कारण ते खरं असतं. "सर, तुमच्या तासाला मुलं पाठ्यपुस्तकाबाहेरचे प्रश्न विचारतात, ते कसं होतं ते मला पाहायचंय." मग नोंद समोर ठेवायची आणि अर्थ त्यांनाच लावू द्यायचा. मान राखणं आणि गप्प बसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तीस मुलांपैकी चौदा जणांनी तासभर वही उघडली नाही, ही नोंद वयानं मोठ्या माणसासमोरही ठेवायचीच; ती आदरानं आणि एकांतात ठेवायची, इतकंच.

१२. प्रशिक्षणं सतत होतात, पण वर्गात काहीच उतरत नाही. चूक कुणाची?

प्रशिक्षणाच्या रचनेची. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की ऐकून, प्रात्यक्षिक पाहून आणि सराव करूनही नवी पद्धत वर्गात फार थोड्या शिक्षकांच्या हातून टिकते; वर्गात कोणी सोबत राहिलं तर मात्र बहुतेकांच्या हातून टिकते. पुढे क्राफ्ट, ब्लेझर आणि होगन यांनी २०१८ मध्ये ६० अभ्यास एकत्र तपासले. वर्गात केलेल्या मार्गदर्शनानं शिकवणं आणि मुलांचं शिकणं दोन्ही सुधारतं, असं त्यांना आढळलं. पण कार्यक्रम फार मोठा केला की परिणाम पातळ होतो, हेही दिसलं.

तेव्हा प्रशिक्षणाहून परतलेल्या शिक्षकाला दोन आठवड्यांच्या आत वर्गात भेटा. पहिला प्रयत्न हमखास फसतो. त्या दिवशी सोबत कोणी नसेल तर माणूस जुन्या रुळावर परत येतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

१३. शिक्षक प्रत्येक सूचनेला "हो" म्हणतात, पण करत काहीच नाहीत.

बहुधा ती सूचना तुमची असते, त्यांची नसते (प्रश्न ६). दुसरं कारण: सूचना मोघम असते. "मुलांना सहभागी करून घ्या" यावर कोणीही "हो" म्हणेल. "मंगळवारच्या तासाला फळ्यावर सोडवायच्या आधी दोन मिनिटं प्रत्येकानं वहीत अंदाज लिहायचा" यावर "हो" म्हणणारा माणूस काहीतरी कबूल करतो. हे करूनही तसंच चालू राहिलं तर त्यांचा तास तुम्ही घ्या आणि त्यांना नोंदी करायला बसवा. भूमिका बदलल्या की मोकळेपणा येतो.

१४. वार्षिक अहवालही मीच लिहितो. मग शिक्षक माझ्यापुढे अडचणी कशाला सांगतील?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि त्यावर पूर्ण तोडगा नाही. शक्य असेल तर दोन कामं दोन माणसांकडे द्या. ते जमत नसेल तर भेटी वेगळ्या ठेवा: "ही भेट मार्गदर्शनाची, यातलं काही अहवालात जाणार नाही" हे आधी स्पष्ट सांगा आणि ते पाळा. एकदा जरी शब्द मोडलात तर पुढची कित्येक वर्षं कोणी मोकळेपणी बोलणार नाही.

जपानमध्ये शंभराहून अधिक वर्षं चालत आलेली पाठ-अभ्यासाची रीत इथे उपयोगी पडते. काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे मुलांचं निरीक्षण करतात आणि नंतर चर्चा होते ती सगळ्यांनी आखलेल्या पाठावर. पाठ सगळ्यांचा असल्यामुळे शिकवणाऱ्या एकट्यावर ओझं येत नाही. पर्यवेक्षकानंही त्यात आखणाऱ्यांपैकी एक म्हणून बसावं.

१५. निरीक्षण चालू असताना शिक्षकानं चुकीची माहिती सांगितली तर मध्येच बोलावं का?

नाही. पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून उन्हाळा येतो, असं एका वर्गात सांगितलं गेलं. खरं तर पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते आणि ऋतू होतात ते तिच्या कललेल्या अक्षामुळे. तास संपताच मी त्यांना बाजूला गाठून सांगितलं. पुढच्या तासाला त्यांनी स्वतः वर्गात सांगितलं, "काल मी चुकीचं सांगितलं होतं, आज दुरुस्त करू या." मुलांनी ते लक्ष देऊन ऐकलं.

अपवाद एकच, धोका. प्रयोगशाळेत कोणी तीव्र आम्लात पाणी ओतायला निघालं तर त्या क्षणी थांबवायचं. आम्लच हळूहळू पाण्यात घालायचं असतं. तिथे शिक्षकाचा मान आणि निरीक्षणाची शिस्त दोन्ही नंतर.

१६. वर्गात मुलाला मारलेलं किंवा अपमान केलेला दिसला तर तेही चर्चेत, नोंदीसारखंच मांडायचं का?

नाही. तिथे मार्गदर्शन थांबतं आणि जबाबदारी सुरू होते. त्याच दिवशी ठरलेल्या मार्गानं लेखी कळवायचं आणि आधी त्या मुलाची विचारपूस करायची. प्रश्न १४ मधला गुप्ततेचा शब्द याला लागू नाही, आणि हे शिक्षकांना पहिल्या भेटीतच सांगून ठेवावं.

१७. माझंच निरीक्षण चुकलं असेल तर?

चुकतं. एक तर सगळ्या वर्गांची सुरुवात सारखी नसते. आधीच पुढे असलेली मुलं ज्यांच्या वाट्याला येतात त्या शिक्षकांना निरीक्षणात जास्त गुण मिळतात, हे अभ्यासांतही दिसलं आहे. शिवाय आपण वर्गात बसलो की वर्ग थोडा बदलतो. वारंवार गेलात तर मुलं आणि शिक्षक दोघंही सरावतात. आणि आपल्या डोक्यात चांगल्या तासाचं एक चित्र पक्कं बसलेलं असतं, ते सगळ्यात जास्त फसवतं.

भूमितीच्या एका तासाला मी घाईत मागे जाऊन बसले आणि वहीत लिहिलं, "वर्गात गोंगाट." चर्चेत सरांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, कुठल्या बाकापाशी गेला होतात?" मी कुठल्याच बाकापाशी गेले नव्हते. प्रत्येक चौरस हा आयत असतो का, यावर मुलं वाद घालत होती. एका गटानं व्याख्या फळ्याजवळच्या तक्त्यावरून वाचून दाखवली होती, दुसरा गट आकृत्या काढत होता. तो आवाज म्हणजेच त्या दिवसाचा अभ्यास होता.

मी तो शेरा त्यांच्यासमोर खोडला, खाली काय घडलं ते त्यांना विचारून लिहिलं आणि तारखेसह सही केली. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला आपणहून बोलावलं. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर, दोन मुलींच्या मध्ये, माझ्यासाठी जागा ठेवली होती.